तो शुक्रवार होता

काल दुपारी कुंभवलीत जेवायला बसलो होतो आणि कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजला... भात तसाच ठेवून मी पुतणीला फोन लावला. सुनंदा पालघरला राहते, तिथे हा भोंगा ऐकूही येत नाही. तरी लावला.

घरातले हसतात. हसू देत. का लावतो ते आज लिहून ठेवतो... शाळा फार झाली नाही माझी, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ दत्तू, म्हणजे सुनंदाचा बाप. ऐंशीच्या दशकात तो इथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. एकदा पाळी सुटल्याचा भोंगा वाजला आणि तो गेटजवळच कोसळला. थोड्या वेळाने आपला आपण उठून बसला.

आमच्याकडे तेव्हा कुणी चक्कर येऊन पडलं की एकच निदान... कारखान्याचा गॅस लागला. तोंडात गुळाचा खडा घालायचा, वर ताक पाजायचं.

पुढे तो भोंग्याला पुन्हा तसाच पडला, तेव्हा साहेबांनी त्याला पॅकिंगला टाकलं. सोबती चिडवायचे, "दत्तूला गॅस नाय, कामाचा वास सोसत नाय." तोही हसायचा. मला मात्र चैन पडेना... पण मी सगळ्याचीच काळजी करतो, माझं कोण मनावर घेणार?

मग शेजारच्या वरातीत कुणीतरी मोठा फटाका लावला. आवाजासरशी दत्तू माझ्या शेजारीच पडला. मी धावत जाऊन गूळ आणला, त्याच्या तोंडात घातला... खडा तसाच राहिला.

गॅस अंगात भिनला होता म्हणून गेला, असं सगळे म्हणाले. आम्हीही तेच धरून चाललो.

नव्वदीत सुनंदा शाळेत होती. एका सकाळी उशाशी गजर वाजला आणि पोर उठता उठता पडली. भावजय गूळ घेऊन आली. तो मी तिच्या हातातून काढून घेतला. पोर शुद्धीवर आली तशी मी हट्टाने दोघींना पालघरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी असं अचानक गेलंय का? भावजय म्हणाली, "हिचा बाप गेला. पन तो गॅसनं गेला, डाक्टर." डॉक्टरांनी मान हलवली आणि टॉनिक लिहायला घेतलं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तो शुक्रवार होता."

शुक्रवारी आमचे कारखाने बंद, मग गॅस कुठला? डॉक्टर इथलेच, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दत्तू कधी कधी पडला, तेव्हा आसपास काय चाललं होतं, ते विचारत गेले. भोंगा... पुन्हा भोंगा... फटाका. आणि आता गजर.

मग कार्डिओग्राम काढला, पुढे मुंबईचं मोठं हॉस्पिटल झालं. हृदयाच्या ठोक्यांचा आजार निघाला, बापाकडून आलेला. अचानक मोठा आवाज झाला की ठोके बिघडतात, आणि एखाद्या वेळी परत जुळतच नाहीत. केव्हा होईल ते कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण होऊ शकतं एवढं आता आपल्याला कळलंय.

रोजची गोळी सुरू झाली. गजराचं घड्याळ मी विहिरीत टाकलं.

काल सुनंदाने फोन उचलला. "काका, हाय मी. जेवा आता."

जेवलो... तिला विचारणारं कुणीतरी भेटलं, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. दत्तूला आम्ही सगळ्यांनी मिळून नुसता गूळ दिला.