धुऱ्यावरचा धूर

मे महिन्यात मलकापुरात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरसमोर पुठ्ठा सरळ राहत नाही. मावशीच्या घराच्या वरच्या खोलीत मी माझे षटकोनी तुकडे टेबलावर मांडत होते आणि प्रत्येकाची एखादी कड वर आलेली दिसत होती. एक दाबला की शेजारचा उठायचा. मी दाबत राहिले. हाताला काम असलं की बोलावं लागत नाही.

आमचा खेळ बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड जातं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. लढाई आली की टेबलावर जमीन मांडायची, प्यादी ठेवायची, वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमीन सुरुवातीपासून माझ्याकडे होती. पुठ्ठ्याचे सहा बाजूंचे तुकडे, त्यांवर पोस्टर कलर, गवतासाठी सुताराकडून आणून रंगवलेला भुसा. चौकोनी घरांत तिरकं चालताना अंतराचा घोळ होतो. षटकोनात शेजारचं प्रत्येक घर सारखंच लांब. आणि तुकडे सुटे, त्यामुळे तीच नदी दर रविवारी वेगळीकडे वळवता येते. घरी टीव्ही चालू असतानाही मी ती वळवत बसायचे.

गोष्ट मात्र मावसभाऊ चालवायचा. त्याला पुण्यात नोकरी लागली होती, आठवड्याभरात तो जाणार होता.

"तुले जमलं तं चालू राहीन," तो म्हणाला होता. "नाई तं हे सारं पोत्यात भरून ठेव."

तो रागाने बोलला नव्हता. पण शाळेतल्या मुली पांगल्यानंतर चार माणसांत बसायची माझी ही एकच जागा उरली होती, आणि ती पोत्यात जाणार की नाही हे त्या दुपारी ठरणार होतं. मी मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवते, मग ते मराठीत आणते, तोवर लोक दुसऱ्याच विषयावर गेलेले असतात. अशा मुलीने गोष्ट कशी चालवायची?

त्या दिवशी मावसभाऊ पहिल्यांदाच खेळणाऱ्यांच्या बाजूला बसला. त्याच्याशेजारी त्याचा कॉलेजातला मित्र, जो आता गावाकडे घरची शेती बघतो. समोर शाळेतली माझी एकटी उरलेली मैत्रीण. मी सांगितलं की दरोडेखोर टेकडीवर आहेत, त्यांच्यात एक तिरंदाज आहे. माझा आवाज कूलरच्या घरघरीत बुडाला.

"जोरानं बोल ना," मैत्रीण म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. पहिल्या दोन फेऱ्या मी फक्त आकडे बोलले. मावसभाऊ पाय हलवत होता. मीही हलवत होते, त्यामुळे टेबल हलत होतं आणि प्यादी सरकत होती. मित्राचं प्यादं घसरून दोन तुकड्यांच्या फटीत उभं राहिलं.

"कोणत्या घरात आहेस?" मी विचारलं.

"मी धुऱ्यात हाओ," तो म्हणाला. "ना या वावरात, ना त्या वावरात. मार आता बाण."

कूलर घरघरत होता. मी पटकन ठरवलं, कारण पटकन ठरवायचं असं मी स्वतःला बजावलं होतं. "धुरात असशील तर तू तिरंदाजाला दिसत नाहीस. बाण चुकला."

मग मित्र असा हसला की फासा खाली पडला.

"अवं, धूर नाई, धुरा!" मावसभाऊ म्हणाला. "दोन वावराच्या मधातला धुरा. ज्याच्यापायी लोकं कोर्टात जाते. कॉन्व्हेंटची पोट्टी आपली!"

मला 'धुरा' माहीत होती ती पाठ्यपुस्तकातली, नेतृत्वाची. शेताच्या बांधाला हे लोक धुरा म्हणतात हे इथेच जन्मून मला माहीत नव्हतं. कान तापले. मावसभावाने सवयीने हात पुढे केला, मी पुठ्ठ्याच्या आडोशाला ठेवलेला माझा फासा उचलायला. "थांब, मी सांगतो काय ते."

मी फाशावर हात ठेवला. का, ते माहीत नाही.

"धूरच आहे," मी म्हणाले. "धुरा पेटवलाय कुणीतरी. गवत जाळायला."

"हाव ना बे, उन्हाळाच हाये," मित्र एकदम सरळ बसला. "आमच्या शेजाऱ्यानं परवाच पेटवला. आमच्या ठिबकच्या नळ्या जळल्या. धुरा त्याचा न् नुकसान आमचं! मंग हवा कोनीकडून हाये, ताई? ते सांग पहिले."

याचा मी विचारच केला नव्हता. पुठ्ठ्यावर हवा नसते. चेहऱ्यावर कूलरचा झोत येत होता, म्हणून मी बोट दाखवलं. "तिकडून."

"मंग मी मेली," मैत्रीण म्हणाली. तिचं प्यादं नेमकं हवा जाते त्या बाजूला होतं.

पुढच्या फेरीत आग सरकवायची तर जळलेली जमीन माझ्याकडे नव्हती. मी भुशाचे हिरवे तुकडे एकेक करून उलटे केले. मागचा कोरा, तपकिरी पुठ्ठा वर आला. आता मला बसून सुचेना. मी उभीच राहिले, टेबलाभोवती फिरत तुकडे उलटत गेले. कुणी 'जोरानं बोल' म्हणालं नाही. दरोडेखोर खोकायला लागले, तिरंदाज टेकडी सोडून नदीकडे पळाला, मित्र "नदीवर आमचा हक्क हाये" म्हणत त्याच्या मागे. एक-दोन वाक्यं मी चुकीची बोलले असेन. दुरुस्त करायला वेळ नव्हता.

मावसभावाचा माणूस उलट्या तुकड्यांच्या मधोमध अडकला होता आणि पाळी त्याची होती. त्याने फासा हातात घोळवला, टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता मले काई दिसून राह्यलं का?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही. टाक."