क्षाराखालची निळाई

टूसॉन या वाळवंटी शहरातल्या आमच्या गल्लीत ज्याला पोहता येतं, त्याला ते बहुधा ओफेलिया ब्राकामोन्तेबाईंनीच शिकवलेलं असतं. मलाही त्यांनीच शिकवलं, तेही दोन पोरांची आई झाल्यावर. शाळेत त्या व्यायामाच्या बाई होत्या. सुट्टी लागली की घरामागच्या पोहण्याच्या तलावात वर्ग भरायचा. भेदरलेल्याला त्या म्हणायच्या, "पाणी तुला खात नाहीये, तूच त्याला पितोयस. तोंड मिट."

मग खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दोन उन्हाळे बाई तलावाकडे फिरकल्या नाहीत. इथलं पाणी मुळातच जड. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. नळानं भर घालावी तर त्यात आणखी क्षार. निळ्या फरशांवर काठाकाठानं पांढरा थर चढला. तलावाला लागून असलेल्या गरम पाण्याच्या कुंडाची दैना त्याहून मोठी, कारण तापल्या पाण्यात क्षार लवकर धरतात. झोत सोडणाऱ्या तोट्या बुजल्या. हीटर तर चालू केला की किटलीसारखा कुरकुरायचा.

बाईंचा थोरला भाऊ एवारिस्तो एका रविवारी येऊन पाहून गेला.

"बुजवून टाक," तो म्हणाला. "वर खडी पसर, चार निवडुंग लाव. या वयात कुणासाठी राखतेस?"

"माझ्यासाठी."

"अगं, तुला धड उभं राहवत नाही."

ते खरं होतं. तरी बाई म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत थांब. नाही जमलं तर आण तुझी खडी."

दुसऱ्या दिवशी त्या स्टूल टाकून लोखंडी पट्टीनं थर खरवडायला बसल्या. थोड्या वेळानं लंगडत शेजारी माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि फरशीचा एक निळा टवका टेबलावर ठेवला.

"थर राहिला जागेवर, फरशीच निघाली."

"मग सोडून द्या ना, बाई."

"सोडायचंच असतं तर तुझी पाणचट कॉफी प्यायला कशाला आले असते? व्हिनेगर आहे का घरात?"

टवक्यावर व्हिनेगर ओतलं, तसा पांढरा थर फसफसून मऊ झाला. पण त्याखाली करडा, दगडासारखा दुसरा थर होता, तो हलेना. तलावाचं सामान विकणाऱ्या दुकानातून बाईंनी त्यासाठी वजरीसारखा सच्छिद्र दगड आणला. ओला करून हलक्या हातानं घासायचा. पण काठावरून वाकलं की खुब्यातून कळ निघायची. दोन-चार फरशा झाल्या की बाई आडव्या.

मार्चमधल्या एका दुपारी मी कुंपणावरून पाहिलं तर बाई छातीभर पाण्यात उभ्या.

"बाई, बाहेर या, गारठाल."

"गप गं. इकडे बघ." त्या हसत होत्या. पाण्यानं त्यांचा भार उचलला होता. खुबा दुखत नव्हता, आणि थराची रेघ बरोबर हातासमोर आली होती. तेव्हापासून रोज, ऊन डोक्यावर आलं की त्या उतरायच्या. खोल बाजूला काखेत तरंगणारी फोमची नळी धरून घासायच्या. फरशीमागून फरशी निळी होत गेली.

कुंडाच्या तोट्या काढून त्यांनी व्हिनेगरच्या बादलीत भिजत घातल्या. हीटरच्या नळ्या मेकॅनिकनं साफ केल्या. कडक ऊन सुरू व्हायच्या आत निम्मं जुनं पाणी बदललं, आणि थर पुन्हा धरू नये म्हणून पाण्यात घालायच्या आम्लाचं माप जमवलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी एवारिस्तो आला, तो खडीवाल्याला घेऊनच. बाईंनी कुंडाचं बटण दाबलं. तोट्या खोकल्या, चार पांढऱ्या खपल्या थुंकल्या, आणि मग सगळं कुंड खळाळून उठलं.

"कुणी केलं हे?"

"मी."

"एकटीनं?"

"पाण्यानं धरलं होतं मला."

खडीवाल्यानं विचारलं, "माल कुठे टाकायचा?"

"कुठेच नाही," एवारिस्तो म्हणाला. तो पँट दुमडून काठावर बसला आणि त्यानं पाय खळाळत्या पाण्यात सोडले. लहानपणी तो शेतातल्या कालव्यात बुडता बुडता वाचला होता. तेव्हापासून घोट्यापलीकडे पाण्यात कधी उतरला नव्हता. शेवटी बहिणीकडे न बघता म्हणाला, "मला येईल का गं आता?"

"कपडे आणलेत का पोहायचे?"

जूनमध्ये वर्ग पुन्हा भरला. पोरांच्या रांगेत एवारिस्तो सगळ्यांत शेवटी उभा राहायचा आणि सगळ्यांत जास्त ओरडा खायचा. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यानं आखूड बाजूनं तलाव पार केला. निळ्या फरशीला हात टेकवून धापा टाकत उभा राहिला. काठावरचे आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

बाई समोरच्या काठाशी पाण्यातच होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता परत ये."

आणि तो परत निघाला.