ठिसळ्यांचं औषध

ठिसळे माणसांसारखेच दिसतात, हे आईनं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दोन हात, दोन पाय, मिशा असल्या तर मिशा. त्यांना ओळखायचं ते त्यांच्यासमोर बाकीची माणसं कशी उभी राहतात त्यावरून. हे तिनं सांगितलं तेव्हा ती रेशनची ज्वारी निवडत होती. ज्वारीत खडे इतके होते की एका सुपात दोन-तीन गोष्टी आरामात व्हायच्या.

आम्ही लातूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मी दहा-अकरा वर्षांची, धाकटी बहीण सहाची. त्याआधी आम्ही नांदेडला होतो, गोदावरीच्या काठी, आणि आईला नदीची सवय लागली होती. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि बाबांची बदली नव्या कचेरीत झाली. तिथं फाईली पोत्यांतून आलेल्या आणि खुर्च्या अजून यायच्या होत्या, त्यामुळे आमचे बाबा, जिल्ह्याचे सरकारी कारकून, पहिले काही महिने पोत्यावर बसून कारभार करायचे. त्यात पावसानं लागोपाठ दगा दिला. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. आई म्हणायची, "प्यायला पानी न्हाई आन् म्हने जिल्हा केला." बाबांना हे लागायचं. जणू जिल्हा त्यांनीच केला होता.

तर ठिसळे. त्यांची हाडं कच्च्या मडक्यासारखी असतात, त्यामुळे त्यांना कशानंही दुखतं. त्यांच्यासमोरून कुणी चप्पल घालून गेलं की त्यांचे तळपाय भाजतात. कुणी खाटेवर बसलं की त्यांचे गुडघे कडाकडा वाजतात. आपली सावली अंगावर पडली तर फोड येतात, आपण डोळ्यांत बघितलं तर डोळे चुरचुरतात, आणि त्यांच्या पाण्याला आपला हात लागला तर त्यांच्या पोटात मुरडा येतो. बिचारे. हा शब्द आई प्रत्येक वेळी म्हणायची, बिचारे. म्हणून आपण जपून वागायचं. चप्पल काढून हातात घ्यायची, बाजूला उभं राहायचं, खाली बघायचं, हसायचं नाही.

"आन् न्हाई जपलं तर?" धाकटीनं विचारलं.

"तर ते मारतात. आपल्याला दुखलं की आपन वरडतो. त्यान्ला वरडता येत न्हाई, गळा नाजूक असतो ना. मंग हातच उठतो."

आता मला कळतं की आईनं त्या सुपावर बसून काय केलं होतं. तिचं माहेर लोह्याजवळच्या एका खेड्यात होतं. नांदेडला असताना तिथली माणसंच आमच्याकडे यायची, पण आम्हाला कधी ना कधी तिथं न्यावं लागणार होतं. आम्ही दोघी क्वार्टरमध्ये वाढलेल्या. शेजारच्या कुणाच्याही घरात शिरून माठातलं पाणी ओतून घेणाऱ्या. गावात असं वागलो असतो तर काय झालं असतं ते तिला चांगलं माहीत होतं. पण "आपण खालचे" हे वाक्य तिला आमच्या कानात घालायचं नव्हतं. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, धम्मदीक्षा घेऊन गावकीची पिढीजात कामं सोडली होती ती हे वाक्य पुसण्यासाठीच. म्हणून तिनं गावाचे सगळे नियम आम्हाला शिकवले, फक्त दुखणं उचलून त्यांच्याकडे ठेवलं. केवढं डोकं बाईचं! आणि शाळा चौथीपर्यंत.

आमच्यामुळे क्वार्टरमधल्या सगळ्या पोरांत ठिसळ्यांचा खेळ सुरू झाला. प्रत्येकाला ठिसळा व्हायचं असायचं, कारण ठिसळ्याला फटके मारायला मिळायचे. भांडणं व्हायची त्यावरून. फक्त धाकटीला ठिसळा व्हायचं नसायचं. ती डॉक्टरीण व्हायची. रुमाल डोक्याला बांधायची, ठिसळा बनलेल्या पोराजवळ जायची आणि त्याचा गुडघा दाबून विचारायची, "कुठं दुखतं?" पोरं वैतागायची. खेळाचा सगळा विचका.

एकदा तिनं आईला गाठलंच. "त्यांना औषध नाहीच का गं?"

आईचं लक्ष खड्यांत होतं. ती सहज बोलून गेली, "हाय की. कुनी जवळ जाऊन इचारलं ना, लई दुखतं का म्हनून, तर बरे होतील. पन कुनी इचारतच न्हाई."

त्या उन्हाळ्यात आबा आजारी असल्याचा निरोप आला. मामा-मामी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि म्हातारा दिवसभर एकटा पडून असायचा. बाबांना नव्या कचेरीतून रजा मिळेना. आई आम्हा दोघींना घेऊन निघाली. एसटीनं अहमदपूर सोडल्यावर तिनं आम्हाला विचारलं, "ठिसळे ध्यानात हायेत ना?" धाकटीनं सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती काळी रानं भेगाळलेली.

गावात टँकर सकाळी यायचा आणि वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. विहीर सरकारी होती, टँकर सरकारी होता, पण पोहरा आमच्या वस्तीच्या हाती नव्हता. आमच्या बायकांनी खाली, दगडांजवळ, घागरी मांडून उभं राहायचं. वरच्या बायकांचं भरून झालं की कुणाला दया आली तर ती वरून ओतायची. आईनं त्या दिवशी विहिरीच्या बऱ्याच आधी चप्पल काढली. लातुरात भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी, बाबांना गप्प करणारी माझी आई खांदे आत ओढून, मान खाली घालून उभी राहिली. तिचं शरीर हे सगळं न विचारता करत होतं. ठिसळे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

धाकटीला नाही कळलं. तिला वाटलं आपण शेवटी पोचलो.

विहिरीजवळ लिंबाच्या पारावर गावातले एक वयस्कर मालक बसले होते. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. चेहरा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आयुष्यभर मी तो चेहरा वाईट करून आठवायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. कुणाच्याही आजोबांचा असावा तसा चेहरा. ते पारावरून उठायला गेले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून कण्हले. मोठ्यानं नाही, म्हातारी माणसं उठताना कण्हतात तेवढंच.

धाकटी माझा हात हलवत म्हणाली, "ताई, बघ. दुखतंय त्यांना."

मी काही बोलायच्या आत ती निघाली होती. आणि काय सांगू, तिनं एकही नियम मोडला नाही. चप्पल काढून हातात घेतली. सावली पडू नये म्हणून उन्हाच्या उलट्या बाजूनं वळसा घालून गेली. मान खाली. हसू दाबलेलं. आईनं शिकवलेलं सगळं अगदी तस्संच. मग ती त्यांच्याजवळ पोचली, त्यांच्या गुडघ्यावर तिनं तळहात ठेवला आणि विचारलं, "आबा, लई दुखतं का हो?"

त्यांचा हात उठला. मला आवाज आठवतो, आणि त्यानंतर पोहऱ्याची कप्पी थांबली ते आठवतं. धाकटी पाराच्या कडेला आपटून खाली बसली. ती रडली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती, आता बरे होतील म्हणून.

"कुनाची गं ही?"

आई धावली नाही. हे मी फार वर्षं तिला माफ केलं नाही. ती चालत गेली, दूर उभी राहिली, पदर सावरून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "चुकलं मालक. लेकरू हाय. शहरात वाढलं, त्याला काय कळतंय. माफी करा."

"लेकराला वळन लावावं," ते म्हणाले. रागानंसुद्धा नाही. मग त्यांनी गड्याला हाक मारली. गड्यानं भरलेली बादली आणली आणि त्यांच्या गुडघ्यावर, पायावर ओतली. अख्खी बादली. पाणी पारावरून ओघळून आमच्या घागरींच्या दिशेनं आलं आणि वाटेतच जमिनीनं पिऊन टाकलं. आमच्या रांगेतल्या बायका त्या ओल्या डागाकडे बघत राहिल्या. त्यातली कुणीच धाकटीकडे बघत नव्हती.

आई तरी तिथून हलली नाही. कडेवर धाकटी, तिच्या कानातून रक्ताची बारीक धार, आणि आई घागरीपाशी उभी. कारण घरी आबा होते आणि त्यांचा माठ रिकामा होता. शेवटी वरून एका बाईनं खालमानेनं आमची घागर भरली. आईनं ती डोक्यावर घेतली, कडेवरच्या धाकटीला सावरलं आणि चालू लागली. आबांना तिनं सांगितलं की पोरगी दगडावर पडली. आबा एक तांब्या पाणी प्यायले. धाकटीच्या गालावर उठलेल्या बोटांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा घरी थांबला आणि आम्ही परत निघालो. एसटीत धाकटी आईच्या मांडीवर होती, कानात कापसाचा बोळा. आई तिच्यावर वाकून बसली होती. अहमदपूरच्या अलीकडे कुठंतरी धाकटीनं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, बरे झाले का गं ते?"

आईनं तिच्या कानातला बोळा नीट केला. मग म्हणाली, "हाव. झाले."

"मला वाटलंच," धाकटी म्हणाली आणि झोपली. आईनं पदर तोंडात कोंबला. लातूर येईपर्यंत तिचं अंग हलत होतं आणि आवाज मात्र अजिबात येत नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाचा पडदा गेला. बाबा सदरा चढवून पोलिसात जायला निघाले. आई दारात आडवी उभी राहिली. "आबा तिथंच ऱ्हातात. उद्या त्यांच्या घागरीत पानी कोन वतल?" बाबा सदऱ्याची गुंडी लावता लावता थांबले, आणि तसेच खाली बसले. माझ्या बापाला मी इतकं लहान झालेलं पुन्हा कधी बघितलं नाही. आबा त्या पावसाळ्याच्या तोंडाशी गेले. त्यानंतर आईला माहेर उरलं नाही आणि आम्हाला ठिसळे उरले नाहीत. सुपावरच्या गोष्टी बंद झाल्या. ज्वारी ती गुपचूप निवडायची.

धाकटी मोठी झाली, शिकली, हसरीच राहिली. बोलणाऱ्याकडे ती उजवा कान करते, आणि नव्या माणसाला वाटतं पोरीला फार कौतुक आहे आपल्या बोलण्याचं. कधीतरी तिला सगळं कळलं असणारच. तिनं ते कधी काढलं नाही. आई मात्र घरात कायम तिच्या उजव्या बाजूला बसायची. जेवायला, फोटो काढायला, लग्नाच्या मांडवातसुद्धा. ही तिची सवय आमच्या नातेवाइकांत चेष्टेचा विषय होती.

आईचे शेवटचे दिवस लातूरलाच गेले. त्या दुपारी आम्ही दोघी होतो. मी पायाशी आणि धाकटी उशाशी, तिचा उजवा हात आईच्या केसांतून फिरत होता. आईनं डोळे उघडले. तिनं खुणेनं धाकटीला जवळ ओढलं. धाकटीनं सवयीनं उजवा कान पुढे केला. आईनं तिची हनुवटी धरली, तिचा चेहरा वळवून उजवा कान उशीत दाबला आणि त्या मेलेल्या डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलली. आवाज जेमतेम होता, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता. मला ऐकू आलं.

"माफी कर माय. ते औषध मीच सांगितलं हुतं."

त्या माणसाची माफी तिनं अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी मागितली होती. लेकीची मागायला तिला हाच कान सापडला. मला ओरडावंसं वाटलं, की इकडून सांग गं, या कानात सांग, ती केव्हाच माफ करून बसली आहे. पण आईनं डोळे मिटून घेतले होते.

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली गं?"

आईनं कान निवडून घेतला होता. तो बदलणारी मी कोण?

"पाणी मागतेय," मी म्हणाले.

धाकटी लगबगीनं उठली आणि पाणी आणायला आत गेली.