सकाळी बघू

रबरी नळीचे एक टोक अंगठ्याने दाबायचे, दुसऱ्या टोकातून तोंडाने आतली हवा ओढायची आणि त्याच टोकावर जीभ टेकवायची. नळी शाबूत असली की मिस्त्रींच्या जिभेला चिकटून लोंबत राही. तेवढा वेळ त्यांना बोलता येत नसे. कुणी काही विचारले तर भुवयांनी उत्तर. नळी गळून पडली की म्हणत, "हवा जायलीय." मग हात पुसत, "सकाळी बघू." हुमनाबादच्या हायवेवर ज्यांनी त्यांचे गॅरेज पाहिले असेल, त्यांना हे आठवत असेल.

मी शेजारी राहत असे. कॉलेजात शिकवायला जाताना तिथे थांबायची सवय लागली, ती त्या गाडीमुळे.

हैदराबादच्या एका इंजिनिअरची जुनी विलायती गाडी. बुटकी, दोघांपुरती. हायवेवर बंद पडली म्हणून ओढून आणलेली. मालक "सावकाश करा" म्हणाला आणि अमेरिकेला गेला. इंजिन मिस्त्रींनी सुरू केले. राहिले ते दिवे. या गाडीचे पुढचे दिवे डोळे मिटावेत तसे बॉनेटमध्ये मिटून बसत. इंजिन हवा ओढून घेई, ती ओढ पत्र्याच्या टाकीत साठे आणि तिच्या जोरावर दिवे खाली दबून राहत. कुठे बारीक गळती असली की ओढ संपे आणि स्प्रिंग दिवे वर उचले. संध्याकाळी मिटवलेली गाडी सकाळी डावा डोळा उघडून बसलेली असे. उजवा दुपारपर्यंत तग धरी.

समोरचा चहावाला ओरडे, "मिस्त्री, रातभर कुनाला डोळा मारायली ही?"

"तुलाच मारायली. माझी उधारी तिलाच माग," मिस्त्री म्हणत.

मी एकदा सुचवले, तारेने बांधून टाका. ते माझ्याकडे बघतच राहिले. "सर, बांधून झोपवता का कुनाला?"

नव्या गाड्या आल्या होत्या, त्या गुलबर्ग्याच्या वर्कशॉपला जात. मिस्त्रींकडे येणारे कमी होत गेले. मुलगा पुण्यात नोकरीला होता, घर भाड्याने घेऊन बसला होता. त्याचा फोन येई, "अप्पा, कवा येनार?"

"हिचे डोळे एक रातभर मिटू दे. मग शटर लावतो अन् येतो."

हा शब्द त्यांनी बायकोला, अक्कांनाही दिला होता. अक्कांना नातवाजवळ जायचे होते. त्यांनी ट्रंक भरून ठेवली होती. मला म्हणाल्या, "भाकरीचा तवाबी आतच बांधला बघा, सर. रोज काढायलेय, रोज ठिवायलेय." गल्लीत सगळ्यांना वाटे, मिस्त्रींना ती गळती शोधायचीच नाही. अक्कांनाही वाटे. एकदा त्यांनी माझ्यासमोरच विचारले, "कामून फसवायलाव ओ मला?"

मिस्त्रींनी नळी उचलून जिभेला लावली. त्या गेल्यावर मीच विचारले, "खरंच सापडत नाही?"

"सापडंना म्हनून तर बसलोय, सर," ते म्हणाले. "सापडली की कुटं बसू?"

यातले किती खरे, ते मी आजही सांगू शकत नाही.

पुढे एका दुपारी त्यांनी गाडीच्या पोटातली ती टाकी उतरवून काढली. आजवर तिला नळीवाटे फक्त बाहेरून तपासले होते. पाण्याच्या टबात बुडवून सायकलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. सांध्याच्या गंजाखालून बुडबुड्यांची बारीक ओळ वर आली. मी घरी येत होतो. मला हाक मारून त्यांनी बोट दाखवले. आनंद वगैरे काही दिसला नाही. थकलेले दिसले. सांधा घासला, कथलाचा डाग देऊन बुजवला, टाकी बसवली, इंजिन सुरू करून दिवे मिटवले.

"झालं का?" अक्कांनी दारातून विचारले.

"सकाळी बघू."

त्या सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला. अंगणात माणसे जमली, उठली. गॅरेजकडे कुणी फिरकले नाही.

राख सावडून आल्यावर मुलगा म्हणाला, "सर, चला, एकदा उघडून बघू." अक्काही मागून आल्या. शटर वर गेले. गाडीवर धूळ बसली होती. दोन्ही दिवे बॉनेटमध्ये सपाट मिटलेले होते.

अक्कांनी डाव्या दिव्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"खरंच लावनार होते की ओ शटर," त्या म्हणाल्या.

मुलाने खुंटीवरची किल्ली काढली. "सुरू करून बघू का, अक्का?"

"नको. उठवू नको तिला."

आम्ही बाहेर आलो. मुलाने शटर दोन्ही हातांनी धरले आणि आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश खाली सोडले.