मायच्या भिंतीवरचं बेनं

माझ्या सासूला आम्ही सगळे माय म्हणायचो. तिचं भरताचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, पातळ सालीचं. कपाशीच्या काड्यांवर भाजलं की साल आपोआप सुटायची. आत बी मोजकंच. म्हणून दरसाल दोन-तीन झाडांची वांगी ती तोडूच द्यायची नाही. पिवळी पडली की बी काढायची, राख चोळायची आणि ओल्या शेणात कालवून मागच्या भिंतीवर लहान लहान गोवऱ्या थापायची. शेणातल्या बियाला कीड लागत नाही. आखाडात गोवरी फोडायची अन् रोप टाकायचं.

"हाई बेनं शे, हात नका लावू," असं पोरांना बजावायची. गावाला तिच्या बियाचं कौतुक नव्हतं. सगळे धुळ्याहून पुडीचं बी आणायचे. मायचं फुकट मिळायचं ना! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

वैशाखात एका दुपारी माय जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. घर माणसांनी भरलं. मी तिच्या पायाशी बसून होते. बायका म्हणाल्या, रड गं बाई, मोकळी हो. मला नुसतं उकडत होतं. दिवस बुडायच्या आत उरकायचं म्हणून पुरुष सरणाच्या तयारीला लागले. मायला नेलं तेव्हा माझे मालक, तिचा एकुलता लेक, विस्तवाचं मडकं धरून पुढे चालत होते.

घर सारवलं. आंघोळीला पाणी तापवायचं म्हणून मी मागे गोवरी आणायला गेले. ढीग संपलेला आणि भिंतही मोकळी. शेणाचे गोल डाग तेवढे उरले होते. सरणाला कमी पडल्या असतील, वाळलेल्या दिसल्या, काढल्या. अशा घाईत गोवरी फोडून कोण बघतं? वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मालक ओल्या अंगानं परत आले. त्यांना तरी तेव्हा काय सांगणार होते मी, दगड?

आखाडात घरोघर विचारलं, मायनं कधी दिलेलं बी आहे का म्हणून. "वांगासना बी साठे इतली फिरी ऱ्हायनी का वं?" एक शेजारीण हसली अन् तिनं पुडी पुढे केली. घेतली. लावली.

हिवाळ्यात त्याच वांग्यांचं भरीत केलं. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सगळं मायच्या हातासारखं. मालक पहिला घास चावतच राहिले.

"मायसारखं नही लागनं. तिनं बेनं कोठे शे?"

"मायसंगे गयं," मी म्हटलं.

त्यांना कळेना. मी दारातून मागच्या भिंतीकडे बोट केलं. डाग अजून होते. ते बघत राहिले.

"मीच काढ्यात," ते म्हणाले. "कमी पडी ऱ्हायन्यात म्हनीसन मीच काढी दिन्यात. एक तर मडकामा टाकी व्हती."

हातातली भाकर त्यांनी ताटात ठेवली. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. पोरं जेवता जेवता थांबली. मी मायला हाका मारत रडत होते आणि समोर भरीत गार होत होतं.