त्या रविवारी मी भुट्ट्याला चालवलं

तुमच्या बाबानं तुम्हाला सांगितलं, भुट्टा झोपेत गेला. तसं सांग म्हणून मीच त्याला म्हटलं होतं. इथे इंदूरला सकाळचे अकरा वाजून गेले होते, मेलबर्नला तुम्ही नुकतेच शाळेतून आला असाल, आणि शार्दूलचं रडणं फोनवर ऐकायची माझी हिंमत नव्हती. आता दीड महिना झाला. बाबानं सांगितलं ते खोटं नव्हतं. पण झोप आम्ही दिली होती, आणि त्याच्या आधी जे झालं त्यातलं बरंचसं तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही. मुक्ता, तू तेरा वर्षांची झालीस. शार्दूल, तू दहाचा. मराठी वाचताना जिथे अडेल तिथे आईला विचारा, पण वाचा शेवटपर्यंत. तो तुमचा कुत्रा होता. मी फक्त त्याला सांभाळत होते…

सात वर्षांपूर्वी तुमच्या बाबानं त्याला भाजीच्या पिशवीत घालून राजेंद्र नगरच्या या घरात आणलं, तेव्हा मुक्ता सहा वर्षांची होती. डॅशहुंड जातीचं पिल्लू, लांबच लांब अंग, बोटभर पाय, भाजलेल्या कणसासारखा रंग. मुक्तानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर भुट्टा आहे!" मी दोन-तीन चांगली नावं सुचवली, ती कुणी ऐकलीसुद्धा नाहीत. कामाला येणाऱ्या रेखाबाईंचं हिंदी, आमचं मराठी आणि मुक्ताचं शाळेतलं इंग्रजी, तिन्ही भाषा त्याला कळायच्या आणि तिन्ही भाषांत तो न ऐकल्यासारखं करायचा. ऐकायचा तो फक्त माझं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग नुसत्या नजरेनं गप्प केले. त्यामुळे मला वाटायचं की हे माझं कौशल्य आहे. आजोबा म्हणायचे, "कौशल्य कसलं, भितो तुला बिचारा. मी पण तर भितो!"

तीन वर्षांपूर्वी तुम्ही गेलात, तेव्हा विमानाचे, लसींचे कागद आणि तिकडचा विलगीकरणाचा काळ असं सगळं बघून ठरलं की त्यानं इथेच राहावं. निघताना मुक्तानं मला एक कागद दिला. 'भुट्टाज रूल्स', चौदा कलमं. सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही, चॉकलेट नाही, फटाक्यांच्या वेळी दिवाणाखाली जागा करून ठेवायची… मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि पाळला. शार्दूल गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "आजी, नीट सांभाळशील ना?" मी म्हटलं, "अरे, विचारायचं काय त्यात?"

त्या रविवारी सकाळी नेहमीसारखे पोहे केले होते. भुट्टा नेहमीसारखा आजोबांच्या खुर्चीखाली होता, आणि आजोबा वर्तमानपत्राच्या आडून त्याला शेव देत होते. त्यांना वाटायचं, मला दिसत नाही. नऊच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की हा कमान केल्यासारखी पाठ वर काढून एका जागी उभा आहे. मान खाली, अंगाला बारीक कंप. मी पोटावर हात ठेवला तर पोट पाटासारखं कडक, आणि हात लागताच तो कण्हला. माझं निदान झालं.

"किती शेव दिलीत त्याला?"

"अगं जराशी. चार काड्या. त्यात काय पहाड टूट पडला?"

"पोट बघा त्याचं. हात लावून बघा. सत्तरी उलटली तरी तुम्हाला कळत नाही, मुक्या जनावराला मसाल्याचं घालू नये?"

 आजोबांनी बशी बाजूला सारली. मी ओवा-हिंगाचं पाणी करून चमच्यानं त्याला पाजलं, दिवसभर खाणं बंद ठेवलं आणि माझ्या सवयीप्रमाणे सगळं वहीत वेळेसकट लिहिलं. मला या वहीचा फार अभिमान होता. दुपारभर तो कोपऱ्यात पडून होता. संध्याकाळपर्यंत शी झाली नाही, म्हणून मी ठरवलं की याला शतपावली घालायची. आपल्या घरी जेवण झाल्यावर कुणी लगेच बसत नाही, हे तुम्हाला आठवत असेल. फाटकापासून कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जायचं आणि परत यायचं. पोट जड झालं, गॅस झाला, झोप येत नाही, सगळ्यावर आपल्याकडे हेच औषध. तुमच्या बाबाला लहानपणी पोटात दुखलं की मी हेच करायचे आणि त्याला बरं वाटायचं.

भुट्टा फाटकात थांबला. पट्टा ताणला गेला तरी हलेना. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "चल. नाटकं पुरे." आणि पट्टा ओढला.

तो आला. याच गोष्टीपाशी मी रोज येऊन अडते. तो बसून राहिला असता, गुरगुरला असता, मला चावला असता तरी चाललं असतं. पण तो माझं ऐकायचा. ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेलो. परत फिरलो तेव्हा त्याचं मागचं अंग एका बाजूला झुकायला लागलं. मला वाटलं, उपाशी आहे म्हणून. जोश्यांच्या घरासमोर तो बसला. मी दोनदा हाक मारली. मग तो पुढच्या दोन पायांवर माझ्याकडे येऊ लागला आणि मागचे दोन पाय रस्त्यावरून नुसते घासत त्याच्यामागे आले, जसे काही ते त्याचे नव्हतेच.

मी त्याला उचलून घरी आणलं. शेजारचे गुप्ताजी गाडीची किल्ली घेऊनच आले. "भाभीजी, अभी चलते हैं. इतना बडा शहर है, कोई तो मिलेगा." आपल्या नेहमीच्या दवाखान्याला रविवारी सुट्टी असते. मी फोनवर मेसेज टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाची वेळ घेतली होती, तीही पोटासाठी. मी गुप्ताजींना म्हटलं, "वेळ घेतलेली आहे. आता याला घेऊन कुठे वणवण करायची? आराम करू दे." आजोबा म्हणाले, "अगं, जाऊन तर बघू." मी म्हटलं, "साडेदहाला." आणि गुप्ताजी किल्ली घेऊन परत गेले.

सोमवारी सकाळी पलासियाच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी त्याला टेबलावर घेतलं. मी वही पुढे केली. त्या सावकाश, बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. पोहे, शेव, कण्हणे, ओव्याचे पाणी… त्यांचं बोट 'शतपावली, दिवेलागणीनंतर पाऊण तासाने' या ओळीवर थांबलं. मराठी त्यांना थोडंफार येत होतं.

"आंटीजी, वॉक कराया इसको?"

"पेट के लिए," मी म्हटलं.

"पेट का नहीं है ये. रीढ़ का है. पीठ में दर्द हो तो ये पेट कस लेते हैं. सब लोग पेट ही समझते हैं." त्यांनी मोठ्या चिमट्यानं त्याच्या मागच्या पायाचं बोट धरलं आणि दाबलं. मलाच कळ आली. भुट्टा माझ्याकडे बघत, शेपूट न हलवता, शांत पडून होता. त्यांनी आणखी जोरात दाबलं. त्यानं मान वळवली नाही. डॉक्टर बाईंनी चिमटा ठेवला आणि त्या त्याचे कान कुरवाळत राहिल्या.

मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. या जातीच्या लांब पाठीच्या कुत्र्यांना हे होतं, उडी न मारताही होतं. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. छोट्या पिंजऱ्यात ठेवायचं, उचलून नेता येईल तितक्या लवकर डॉक्टरकडे न्यायचं. मी विचारलं, "मैंने नहीं चलाया होता तो?" त्या म्हणाल्या, "कह नहीं सकते, आंटीजी. हो सकता है तब भी यही होता." त्या चांगल्या बाई आहेत. मी शाळेत पालकांशी अशीच बोलायचे. त्यामुळे मला ते वाक्य ओळखता येतं.

शस्त्रक्रिया मुंबईला होऊ शकली असती, पण पायातली खोलवरची जाणीव गेली होती आणि त्यानंतरचे बरेच तास आम्ही साडेदहाची वाट बघण्यात घालवले होते. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, तू ठरव. तू तिथे आहेस." बारा-चौदा तासांचा रस्ता, त्याची ती पाठ, आणि पलीकडे काही होईल याची खात्री कुणीच देईना. मी नाही म्हटलं. ते बरोबर होतं की मी नुसती घाबरले होते, हे मला अजून सांगता येत नाही. मंगळवारी मी या आजारावर मिळेल ते सगळं इंग्रजी वाचून काढलं. शब्द न् शब्द समजला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की पाठीचं दुखणं पोटाचं वाटू शकतं. वाचायला येत होतं मला, फक्त रविवारी मी वाचलं नाही. मला माहीतच होतं ना सगळं!

पुढचे पाच आठवडे मी वेळापत्रक करून पाळलं. माझ्या जुन्या महेश्वरी साडीची पट्टी त्याच्या पोटाखालून घालायची आणि मागचं अंग उचलून धरायचं. दिवसातून चारदा ओटीपोट हलकेच दाबून लघवी काढायची; ते मला जमेना, आजोबांना जमलं. ते त्याच्याशी खास इंदुरी ढंगात बोलत बोलत करायचे, "चलो भिया, हो गया, हो गया, झालं बघ." कूस बदलायची. पायांचा व्यायाम. मी प्रत्येक रकान्यात खूण करायचे. खुणा भरत गेल्या आणि पाय तसेच राहिले.

आणि तुमचे फोन. आम्ही फोन असा धरायचो की तुम्हाला फक्त त्याचं तोंड दिसेल. एकदा शार्दूलनं हाक मारली, "भुट्टूऽऽ!" त्याचे कान उभे राहिले. तो तोल सावरत पुढच्या पायांवर उठला आणि सगळं अंग ओढत फोनकडे यायला लागला, आनंदानं. शार्दूल, तू म्हणालास, "आजी, तो असा का हलतोय?" मी फोन बंद केला आणि नंतर लिहिलं, नेटवर्क गेलं. इंदूरचं नेटवर्क इतकं वाईट नाही.

पाचव्या आठवड्यात लघवीत संसर्ग झाला, ताप चढला, औषध बदललं, ताप उतरून पुन्हा चढला. त्यानं खाणं सोडलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आप लोग सोच लीजिए." आम्ही दोन दिवस विचार केला. मग त्या घरी आल्या. कागदावर मी सही केली. सुई द्यायच्या आधी आजोबांनी त्यांना विचारलं, "मॅडम, इसको थोडी शेव दूँ? अब तो चलेगा ना?" त्या हो म्हणाल्या. भुट्ट्यानं हुंगली, आजोबांची बोटं चाटली आणि शेव तशीच ठेवली. त्याचं डोकं आजोबांच्या मांडीवर होतं. मी त्याच्या मागच्या पायांवर हात ठेवला होता. मग मला सुचलं की त्याला तिथलं काही कळत नाही, आणि मी हात उचलून त्याच्या मानेवर ठेवला. तेवढ्यात झालं होतं.

त्या दिवसापासून आजोबा पोह्यांवर शेव घेत नाहीत. मी त्यांना दहादा सांगितलं, "डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना? शेवेचा काही संबंध नव्हता. माझं चुकलं होतं." ते म्हणतात, "हो, ऐकलं." आणि चमच्यानं बाजूला सारतात. त्या सकाळी मी जे बोलले ते त्यांच्या आत जाऊन बसलंय, आणि मला ते काढता येत नाही.

मागच्या आठवड्यात मुक्तानं विचारलं, "आजी, त्याला दुखत होतं का गं?" मी म्हटलं, नाही. मुक्ता, शेवटी शेवटी नव्हतं दुखत, ते खरं आहे. पण त्या रविवारी दुखत होतं. फाटकात उभा राहून तो मला तेच सांगत होता, आणि पट्टा माझ्या हातात होता. तुम्ही डिसेंबरमध्ये याल तेव्हा मला काय विचारायचं ते विचारा. रागवा. आजोबांना मात्र काही विचारू नका.

घरात गुळगुळीत फरशीवर त्याचे पुढचे पाय घसरायचे, म्हणून आम्ही बैठकीपासून मागच्या दारापर्यंत सतरंज्या अंथरल्या होत्या. वेगवेगळ्या रंगांच्या, एकीला एक न जुळणाऱ्या. रेखाबाई दर सोमवारी विचारतात, "माताजी, अब ये उठा दूँ?" मी म्हणते, पुढच्या सोमवारी. आम्ही दोघंही त्यांच्यावरूनच चालतो. काल जेवण झाल्यावर आजोबांनी चपला घातल्या, दाराशी गेले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही जाऊन या." त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. मग मीही बसले. गुडघ्यांमुळे मला खाली बसायला डॉक्टरांची मनाई आहे, आणि आजोबांना उठायला आधार लागतो. पण हे बसल्यावर आठवलं. त्यांनी माझा हात धरून ओढून पाहिलं, मी त्यांचा. काही होईना. "गुप्ताजींना फोन करू का?" ते म्हणाले. फोन टेबलावर होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "बसू थोडा वेळ."