पडद्यामागून पाहिलेले बॉक्सर

तुंगार्लीत बंगले पुष्कळ आणि माळीही पुष्कळ. पण बॉक्सर जो लुईचं पाऊल कसं पडायचं आणि महंमद अलीचं कसं, हे गुलाबाच्या वाफ्याशेजारी उभं राहून करून दाखवणारा माळी एकच, रतनभाऊ. वय साठ, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारलेला नाही, तरी हेवीवेट बॉक्सिंगवर त्यांच्याशी वाद घालायला लोणावळ्यातली भली भली माणसं कचरतात. भाऊंनाही ते ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्याचं ते अजिबात लपवत नाहीत.

विशीत ते तळ्याजवळच्या एका बंगल्यावर कामाला लागले. मालक निवृत्त कर्नल, तरुणपणी पलटणीत बॉक्सिंग केलेले. त्यांच्याकडे एक प्रोजेक्टर होता आणि जुन्या लढतींच्या रिळांनी भरलेली पेटी. शनिवारी संध्याकाळी हिरवळीवर दोन बांबूंना पांढरी चादर ताणली जाई. पुढे खुर्च्यांवर पाहुणे बसत. चादरीच्या मागे, स्वयंपाकघराच्या अंगाला, माळी, ड्रायव्हर आणि भांडीवाली. मागे बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे या असंही कुणी म्हणालं नव्हतं. चित्र चादरीतून आरपार दिसायचं, तेवढ्यावर सगळे खूश होते. बाकीचे घटकाभर बघत आणि पेंगायला लागत. रतनभाऊंनी मात्र तेरा वर्षं एकही शनिवार चुकवला नाही. कर्नलसाहेब गेले आणि मुलांनी प्रोजेक्टर भंगारात काढला, तोवर पेटीतलं एकेक रीळ भाऊंना तोंडपाठ झालं होतं.

चहाचा कप हातात दिला की ते सुरू होत. "जो लुई पाय उचलायचाच न्हाई, सरकवायचा. ठोसा वीतभर जागंतनं यायचा, हात मागं कदी गेला कळायचंच न्हाई. मार्सियानो बुटका, हात आखूड. म्हून वाकून आत शिरायचा, चार खायचा अन् एक द्यायचा. पर त्यो एक खाल्ला की पुडच्याचा कारभार आटपला. अली हात मांडीपाशी सोडून डोकं मागं घ्यायचा. हे चूकच हाय बरं का. दुसऱ्या कुणी केलं तर जबडा हातात यील. त्याला जमलं, कारण त्याचे डोळे आदी हलायचे, पाय मागनं."

सर्वांत मोठा कोण, असं विचारलं की मात्र भाऊ चिडायचे. लुईच्या वेळची लढत पंधरा राउंडांची, आताची बाराची. पंधराव्या राउंडला ज्याचं पाऊल जागेवर पडतं त्याला पाच-सहा राउंडांत काम उरकणाऱ्याशी कसं तोलायचं, असं त्यांचं म्हणणं. पण जीव त्यांचा जो फ्रेझरवर. डोकं शिलाई मशीनच्या सुईसारखं खालीवर करत आत शिरणारा फ्रेझर आणि त्याचा तो हुक, कोपरात वाकवून बाजूने आणलेला ठोसा. तो दाखवताना भाऊ उजवा पाय पुढे टाकत आणि उजवा हात असा वळवत, की ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा.

ही विद्या घेतली ती धाकट्या पायलने. दोन मुलांच्या पाठीवर उशिरा झालेली ही लेक हाडापेराने दणकट, शाळेत पोरी तिला हसत. आई, अनिता, तिचा भात कमी करायला निघाली होती. भाऊंनी तो वाढवला, जांभळीला वाळूचं पोतं टांगलं आणि तिला उभं राहायला शिकवलं: उजवा पाय पुढे, उजवा हात पुढे, हनुवटी खाली. पुढे लष्करातून परत आलेल्या निलेशने लोणावळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंगचा वर्ग काढला. पायलला बघून तो हरखला. डावखुरा बॉक्सर उजवा पाय पुढे ठेवून उभा राहतो, आणि डावखुरी हेवीवेट मुलगी म्हणजे घबाडच. दोन वर्षं त्याने तिच्यावर मेहनत घेतली. जिल्ह्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर आली, तेव्हा त्याच्या यादीत पहिलं नाव पायलचं होतं.

त्या रविवारी सकाळी निलेशने भाऊंना मुद्दाम बोलावलं. पोरांना जुने बॉक्सर दाखवायचे, समजवायला भाऊ. त्याने भिंतीवरच्या टीव्हीवर अली आणि फ्रेझरच्या पहिल्या लढतीचा शेवटचा राउंड लावला. भाऊ खुर्चीत ऐटीत बसले होते. ते एकदम उठले.

"निलेश, उलटं लावलंयस हे."

"काय उलटं, भाऊ?"

"फ्रेझर उजव्यानं मारतो. ह्यो डाव्यानं मारतोय."

"भाऊ, फ्रेझरचा डावा हुक अख्ख्या जगाला ठावं हाय."

"जगानं किती वर्सं बगितलाय? म्या तेरा बगितलाय."

पोरं हसली. निलेश हसला नाही. त्याने चित्र थांबवलं आणि पडद्यावरच्या राउंडच्या आकड्यावर बोट ठेवलं. पंधरा. सरळ, स्वच्छ पंधरा. भाऊ त्या आकड्याकडे बघत राहिले. चादरीवरची अक्षरं त्यांना कधीच लागली नव्हती. चौथी शिकलेला माणूस, ती इंग्रजी आहेत म्हणून लागत नाहीत अशी त्यांची समजूत होती. चादरीच्या मागून चित्र उलटं दिसतं, पुढच्याचा डावा तो मागच्याचा उजवा होतो, हे त्यांना वयाच्या साठाव्या वर्षी, पंधरा पोरांसमोर कळलं.

निलेशच्या डोक्यात वेगळाच उजेड पडला. त्याने पायलला विचारलं, "तू लिहितीस कुठल्या हातानं?"

पायलने उजवा हात वर केला.

निलेशने खिशातून निवडीची यादी काढली. पुस्तकाप्रमाणे जोराचा हात मागे ठेवायचा असतो, मोठा ठोसा तिथून येतो. या पोरीचा जोराचा हात पुढे आणि कच्चा हात मागे. "नाव मागं घेऊ या वर्षी," तो म्हणाला. "वर्षभर लागंल, पण पाय बदलावाच लागंल." त्याचं काही चुकत नव्हतं.

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या विद्येचा टेंभा जन्मभर मिरवला, तिने पोरीचं वर्ष खाल्लं होतं. ते कसेबसे म्हणाले, "चूक माजी हाय. हिला कशापायी शिक्षा?"

"मला वर्गाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पप्पा," पायल म्हणाली. "मोबाईल माझ्याकडंबी हाय."

"मग बोलली न्हाईस?"

"आधी बदलून बघितलं. घरी, आरशापुढं, आठ दिवस. डावा पाय पुढं घेतला की मी बाकीच्या पोरींसारखीच. उजवा घेतला की मी त्यांना घावत न्हाई, आणि माझा जोराचा हात त्यांच्या नाकापुढं असतो." मग ती निलेशकडे वळली. "सर, जाऊ द्या मला. हरले तर तुम्ही म्हणाल तो पाय पुढं घेईन."

निलेशने बराच वेळ मान खाजवली आणि यादीतलं नाव तसंच राहू दिलं.

भाऊ दोन दिवस वाफ्यांशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पायलने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. युक्रेनचा उसिक, आजच्या काळातला, खराच डावखुरा, आपल्याहून अंगापिंडाने मोठ्या गड्यांना हरवणारा. भाऊंनी आधी तिरक्या नजरेने बघितलं, मग मोबाईल हातात घेतला, मग चष्मा आणायला सांगितला. "लुईसारका पाय वाया घालवत न्हाई," ते पुटपुटले. "पर लुई समोर सरकायचा, ह्यो बाजूला सरकतो. पुडचा वळूस्तवर ह्याचं काम झालेलं असतंय." त्या संध्याकाळी जांभळीखाली पायल बाजूला सरकायला शिकत होती आणि भाऊ पुन्हा ओरडत होते. अनिताला हायसं वाटलं.

निवडीची लढत पुण्यात होती. समोर रुपाली नावाची मुलगी, पायलपेक्षा सहा किलोंनी जड. ती दोन्ही हातांनी ढकलायची, अंतर पडलं की हाणायची. पहिला राउंड तिने सरळ घेतला. पायलच्या नाकातून रक्त आलं. भाऊ कठड्याशी आले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या निलेशला म्हणाले, "ही त्या फोरमन बॉक्सरवानी हाय, ढकलून हाणणारी. ढकलायला हात लांब केले की गाल उगडा पडतोय. हिला ढकलू दे म्हणावं, पर समोर ऱ्हाऊ नगो."

आठ दिवसांपूर्वीचा निलेश कदाचित हसला असता. आता त्याने शब्द न् शब्द पायलच्या कानात घातला.

दुसरा राउंड बरोबरीत गेला. तिसऱ्यात रुपालीने हात लांबवले, आणि ते जिथे पोचले तिथे पायल नव्हती. ती उजव्या पायाने बाजूला सरकली होती. डोकं खाली गेलं, वर आलं, आणि त्याबरोबर पुढचा उजवा हात वळून आला. रुपाली खाली बसली. पंचाने आठपर्यंत मोजलं, ती उठली, शेवटपर्यंत लढलीही. पण निकाल काय लागणार हे सगळ्या हॉलला कळलं होतं. पंचाने पायलचा हात वर केला आणि रतनभाऊंची छाती अशी फुगली, की सदऱ्याची वरची गुंडी त्यांना सोडावी लागली.

निलेश धावतच त्यांच्याकडे आला. "भाऊ, बघितला का हुक?"

"बगितला. फ्रेझरचा हाय."

निलेशला राहवलं नाही. "पण भाऊ, फ्रेझर डाव्यानं मारायचा."

"त्यांच्यात मारत असतील डाव्यानं," रतनभाऊ रिंगमधल्या लेकीवरची नजर न काढता म्हणाले. "आमच्यात उजव्यानं मारत्यात."